नापास होण्याची किंमत

(एकलहरे येथे विद्यार्थी व पालक यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी नाशिकरोडहून येणाऱ्याला गाव दिसण्याच्या आधी दिसतात. १९७० च्या सुमारास येथे पहिला संच सुरू झाला आणि १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. जुने दोन संच आता निवृत्त झाले आहेत. या सभेतील अनेकांच्या घरातील कर्त्या पुरुषाने त्या केंद्रात पाळ्या केल्या आहेत. त्यांना बाष्पक म्हणजे काय हे पुस्तकातून सांगण्याची गरज नाही. बाष्पकात दाब असावाच लागतो, त्याखेरीज जनित्र फिरत नाही. परंतु दाब किती आहे हे दाखविणारा काटा आणि मर्यादा ओलांडताच वाफ सोडणारी झडप ही दोन साधने नसतील तर बाष्पक चालविता येत नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.

हा कायदा आला कोठून? १८६३ साली कलकत्त्यात एका बाष्पकाचा स्फोट होऊन माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. १९२३ साली तो साऱ्या देशासाठी झाला आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. गिरणीमालकांनी आपणहोऊन झडपा बसविल्या असे घडले नाही. दाब हा मालकाच्या सद्बुद्धीवर सोपवायचा विषय नव्हे, एवढे दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही कळले होते.

याच गावाच्या शिवारात आता अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. नाशिकच्या चारही दिशांना अशी महाविद्यालये आहेत आणि त्यांतील हजारो मुलेमुली एका निराळ्या दाबाखाली शिकत आहेत. त्या दाबाला काटा नाही. काटा आहे तो वर्षातून एकदा, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. आदल्या वर्षीही पहिला क्रमांक महाराष्ट्राचाच होता. शिक्षणात अग्रेसर म्हणविणाऱ्या राज्याने या क्रमांकाची मान खाली घालून नोंद घ्यावयास हवी. या आकड्यांत शाळेतील मुलेही आहेत, आणि प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती असे कोणी समजू नये. माणसाच्या मनाचा तळ पोलिसांच्या तक्त्यातील एका रकान्याला लागत नाही. परंतु जे जिवंत आहेत, वर्गात बसले आहेत आणि रात्री झोपू शकत नाहीत त्यांची तर कोणत्याच तक्त्यात गणती नाही. विषय मुख्यतः त्यांचा आहे.

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या साधारण विद्यार्थ्याचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा. तो सिन्नरच्या किंवा निफाडच्या एखाद्या खेड्यातला आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकला आणि शाळेत पहिल्या पाचांत होता. अकरावी-बारावीला त्याचे नाव एका महाविद्यालयात आणि तो स्वतः खासगी क्लासमध्ये, अशी व्यवस्था झाली. हजेरी एकीकडे लागते, शिकविणे दुसरीकडे होते आणि पैसे दोन्हीकडे भरावे लागतात. मग सीईटी, मग प्रवेशाच्या फेऱ्या, मग ‘कोणती शाखा’ हा घरात कोणालाच उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न. प्रवेश मिळाला की गावात पेढे वाटले जातात, आणि पहिल्या आठवड्यात त्या मुलाला कळते की येथे गणित इंग्रजीत बोलते. त्याला गणित येते. समीकरण मांडता येते. उभे राहून दोन वाक्यांत सांगता मात्र येत नाही. शाळेतला हुशार मुलगा तीन महिन्यांत मागच्या बाकावर जातो. हा बदल गुणपत्रिकेत दिसण्याच्या फार आधी त्याच्या चालण्यात दिसू लागतो.

विद्यापीठ पुण्यास आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे येतात. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम कठीण आहे, तो कठीणच असावा. पुलाचे गणित चुकले तर पूल पडतो. तेथे दयाबुद्धीने गुण वाढविण्याची सूचना कोणी शहाणा माणूस करणार नाही. परंतु अभ्यास कठीण असणे ही एक गोष्ट आहे, आणि अभ्यासाला वेळच न मिळणे ही दुसरी. संलग्न महाविद्यालयांत रुळलेली २०१९ ची रचना पाहा. प्रत्येक विषयाला ३० गुणांची सत्रांतर्गत परीक्षा, ७० गुणांची सत्रान्त परीक्षा, आणि अशी दोन सत्रे वर्षात. त्याखेरीज प्रात्यक्षिके, तोंडी परीक्षा, टर्मवर्क आणि ते सर्वांचे लाडके ‘सबमिशन’. सबमिशनच्या आठवड्यात वसतिगृहाच्या खोलीत एका मुलाची वही असते आणि आठ मुले ती उतरवीत असतात. लिहिणाऱ्याला ठाऊक असते की हे वाचले जाणार नाही. सही करणाऱ्यालाही ठाऊक असते. दोघेही जागतात. या जागरणाला अभ्यास म्हणण्याची प्रथा आहे.

मग एखादा विषय राहतो. ‘एम-थ्री’ हे नाव घेतले की दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शांतता पसरते. एक विषय राहिला तर केटी, ठरावीक मर्यादेपलीकडे राहिले तर वर्ष वाया, ज्याला विद्यार्थी ‘इयर डाऊन’ म्हणतात. हे शब्द इतके रुळले आहेत की त्यांच्यामागचा हिशेब कोणी मांडीत नाही. तो मांडला पाहिजे, कारण साऱ्या दाबाचे मूळ त्या हिशेबात आहे.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाची वर्षाची फी काही शे रुपयांत होती. त्या काळीही मुले नापास होत, पुष्कळ होत. नापास झालेला मुलगा बापाच्या शिव्या खाई, सहा महिने तोंड लपवी आणि पुन्हा बसे. त्याचे एक वर्ष जाई. घराची जमीन जात नसे. आज विनाअनुदानित महाविद्यालयाची वार्षिक फी लाखाच्या घरात आहे. खोलीचे भाडे, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च निराळा. वर्ष वाया गेले म्हणजे हा सारा खर्च आणखी एक वर्ष, त्यात फीच्या सवलतीचा धागा तुटण्याची भीती, वर एक वर्षाची बुडालेली कमाई. शिवाय नोकरी देण्यास येणाऱ्या कंपन्यांची अट असते की दहावीपासून सर्वत्र साठ टक्के हवेत आणि एकही विषय शिल्लक नसावा. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी पडलेले पाऊल बाविसाव्या वर्षी दाराशी अडविते. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांना नापास होणे परवडते. त्यांचा मुलगा पडतो आणि उठतो. गरिबाच्या मुलाला पडण्याचा अधिकारच उरलेला नाही. शिक्षणातील विषमतेबद्दल बोलताना प्रवेशाची चर्चा पुष्कळ होते. ही दुसरी विषमता, चुकण्याच्या संधीची विषमता, क्वचितच कोणाच्या तोंडी येते.

बाजार समितीत कांद्याचा भाव काय झाला याकडे या मुलाचे लक्ष असते. फीचा दुसरा हप्ता आणि लासलगावचा भाव यांचे नाते त्याला अर्थशास्त्र न शिकता कळलेले असते. भाव पडला की वडील फोनवर ‘तू फक्त अभ्यासाकडे लक्ष दे’ एवढेच म्हणतात. या वाक्यात माया आहे यात शंका नाही. परंतु ते ऐकणाऱ्याच्या छातीवर त्याचे किती वजन पडते, हे पालकांनी एकदा स्वस्थ बसून मनाशी तोलून पाहावे.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे स्वागतार्हच आहे. पण पेठ-सुरगाण्याकडून किंवा दिंडोरीकडून आलेल्या मुलीला फी हा एकच प्रश्न नसतो. मुलाचे वर्ष गेले तर घरात भांडण होते. मुलीचे वर्ष गेले तर घरात स्थळे पाहू लागतात. तिच्या उत्तरपत्रिकेवर गुणांबरोबर तिच्या पुढच्या आयुष्याचा निवाडा लिहिलेला असतो. दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना या साऱ्याच्या वर ‘तू कोणत्या जागेवर आलास’ हा न विचारलेला प्रश्न रोज ऐकावा लागतो. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी दिलेला अहवाल ज्यांनी वाचला असेल, त्यांना हा दाब कल्पनेतला वाटणार नाही.

हे असे का झाले? ‘हल्लीची मुले नाजूक’ हे उत्तर सोपे आहे आणि खोटे आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी ज्यांना सरकारी महाविद्यालयात जागा मिळत नसे ते देणगी भरून कर्नाटकात जात. तो ओघ थांबला, खेड्यापाड्यांतील मुले अभियंते झाली, ही जमेची बाजू नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. समाजवाद्यांनी त्या धोरणावर तेव्हा कडाडून टीका केली. ती योग्यच होती; परंतु सरकारी जागा वाढविण्याचा आग्रह तितक्याच चिकाटीने धरला गेला नाही, हेही मान्य केले पाहिजे. पुढचा इतिहास न्यायालयांत घडला. १९८७ साली राज्यात कॅपिटेशन फीवर बंदी आली. १९९२ व १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने मोहिनी जैन आणि उन्नीकृष्णन खटल्यांत शिक्षणाच्या बाजारावर बंधने घातली. २००२ सालच्या टी. एम. ए. पै निकालाने त्यांतील बरीच सैल केली. २००५ साली इनामदार खटला महाराष्ट्रातूनच गेला. वीस वर्षे वाद एकाच गोष्टीचा होता: जागा कोणाची आणि फी किती. वर्गात बसलेल्या मुलाचे काय होते, हा प्रश्न कोणत्याही पक्षकाराच्या वकिलाने उभा केला नाही.

जे. पी. नाईक यांनी १९७५ साली समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हातात न येणारा त्रिकोण मांडला. महाराष्ट्राने संख्या साधली. गुणवत्ता आणि समता यांची जबाबदारी मात्र नकळत विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकली: शिकविणे अपुरे असेल तर त्याने क्लास लावावा, पैसे नसतील तर त्याने कर्ज काढावे. त्याच सुमारास, १९७६ साली, फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की काही वस्तूंचे मोल त्या इतरांजवळ नसण्यातच असते. पुढच्या रांगेतील माणूस टाचा उंचावून उभा राहिला तर त्याला अधिक दिसते. सारेच टाचा उंचावतात तेव्हा कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. पदवीचे तेच झाले. ज्या कामाला पूर्वी आयटीआय पुरे होई त्याला पदविका लागू लागली, पदविकेच्या कामाला पदवी. काम तेच राहिले. रोनाल्ड डोर यांनी याच वर्षी याला पदवीचा रोग म्हटले होते.

या रोगाचे दर्शन घ्यावयास एकलहऱ्याइतके योग्य ठिकाण नाही. ज्या गावाने जमिनी देऊन वीज केंद्र उभे केले, त्या गावाच्या परिसरातील मुलगा आज विद्युत अभियांत्रिकी नको म्हणतो आणि संगणक शाखेसाठी धावतो. त्याला दोष देता येणार नाही. केंद्रात कायम नोकऱ्यांच्या जागी कंत्राटी कामे आली आणि नव्या संचाची वाट पाहण्यात वर्षे गेली, हे त्याने घरातच पाहिले आहे. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रवेशसंख्येवरील कमाल मर्यादाच उठविली. ज्या शाखेला गिऱ्हाईक आहे तिच्या तुकड्या वाढल्या. स्थापत्य आणि यंत्र या शाखांची ओढ ओसरली. उद्या संगणकाची लाटही ओसरेल, तेव्हा संस्थाचालक तुकडी बंद करतील. चार वर्षे खर्ची घातलेल्या मुलाला आपले आयुष्य असे बंद करून दुसरे उघडता येणार नाही.

येथे एक जुनी आठवण सांगणे अप्रस्तुत होणार नाही. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयातील वसतिगृहात जेवणाचा खर्च वाढला म्हणून मुले उठली. महागाईने गांजलेले शहर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, नवनिर्माण आंदोलन गुजरातभर पसरले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना जावे लागले. जयप्रकाशांना त्या तरुणांत आशा दिसली. त्या आंदोलनाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. त्यात हिंसाही झाली आणि पुष्कळांचे शिक्षणही बुडाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की मेसचे बिल हा तेव्हा सार्वजनिक प्रश्न होऊ शकला. आज मेसचे बिल वाढले तर मुलगा एक वेळचे जेवण सोडतो आणि कोणाला सांगत नाही. दुःख तेच आहे. तेव्हा ते सर्वांचे होते, आज ते एकेकट्याचे झाले आहे, आणि एकट्याच्या दुःखाला तो स्वतःचा दोष समजू लागतो.

हे एकटेपण काही अंशी घडविलेले आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका बंद केल्या. निवडणुकांत गुंडगिरी होती, मुंबईत १९८९ साली एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला होता, हे खरे. परंतु रोग्यासकट रोग घालविण्याचा तो उपाय होता. २०१६ च्या कायद्याने तरतूद परत आली आणि २०१९ साली ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. ज्या वर्गाला आपला प्रतिनिधी निवडता येत नाही, त्याने निकाल उशिरा लागल्याची तक्रार कोणाकडे करावी?

शिक्षकांना या प्रकरणात खलनायक करणे अन्यायाचे ठरेल. तासिका तत्त्वावर किंवा वर्षाच्या करारावर नेमलेला तरुण अध्यापक, ज्याचा पगार वेळेवर होईल याची खात्री नाही आणि ज्याला प्रवेशाच्या मोसमात विद्यार्थी गोळा करीत गावोगाव फिरावे लागते, तो साठ मुलांच्या वर्गातला गप्प झालेला एक मुलगा कसा हेरणार? दाब वरून येतो आणि जो सर्वांत खाली आहे त्याच्यावर येऊन थांबतो.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती गट नेमला. जुलै २०२५ मध्ये आणखी एका निकालात, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि गुणांनुसार मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, असे निर्देश दिले. हे चांगले झाले. समुपदेशकाची खोली प्रत्येक महाविद्यालयात उघडली पाहिजे, आणि ती तपासणीच्या दिवसापुरती उघडी नसावी. केंद्र सरकारची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. तो क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लिहिलेला असावा. पण समुपदेशक म्हणजे झडप आहे. भट्टीत कोळसा किती टाकायचा हे ज्याच्या हाती आहे, त्याच्याशी बोलल्याखेरीज झडपेवर किती भार टाकणार?

म्हणून नापास होण्याची किंमत कमी करणे हे पहिले काम आहे. एखादा विषय राहिला तर काही आठवड्यांतच त्याची फेरपरीक्षा व्हावी. विद्यापीठ कायदा परीक्षेनंतर तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावण्यास सांगतो. तो पाळला जावा, कारण निकालाची वाट पाहत नव्या सत्रात बसलेला मुलगा धड मागचा अभ्यास करू शकत नाही, धड पुढचा. एक वर्ष गेले तरी फीची सवलत एकदा तरी चालू राहावी. सरकारकडून प्रतिपूर्ती उशिरा येते म्हणून विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र किंवा गुणपत्रिका अडवून धरणे तर सरळ बंदच झाले पाहिजे. सरकार आणि संस्था यांच्या देण्याघेण्यात विद्यार्थी ओलीस नाही. मराठीच्या बाबतीत २०२१-२२ पासून तंत्रशिक्षण परिषदेने वाट मोकळी केली आहे. साराच अभ्यासक्रम मराठीत येण्याची वाट न पाहता, पहिल्या वर्षाचे गणित आणि यांत्रिकी यांचा एक तास मराठीत स्पष्ट करून सांगण्यास कोणाची हरकत आहे?

नाशिकला याची परंपरा नाही असे नाही. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज येथे उभा राहिला तो बोर्डिंगच्या विचाराभोवती. खेड्यातल्या मुलाला शहरात पाठ टेकावयास जागा, भाकरी आणि बरोबरीची मुले मिळाली तर तो शिकतो, हे त्या कार्यकर्त्यांना कळले होते. भाऊराव पाटलांनी साताऱ्यास तेच केले आणि मुलांच्या हाती कुदळही दिली. आजच्या भाड्याच्या खोल्यांत चार कॉट आणि चार चार्जर असतात. बोर्डिंगमध्ये जे होते ते त्यांत नाही.

एकलहऱ्याच्या वसाहतीत आणि आसपासच्या गावांत वीज केंद्रातून निवृत्त झालेले अभियंते, तंत्रज्ञ, चालक आहेत. त्यांनी तीस-तीस वर्षे जी यंत्रे चालविली तीच यंत्रे ही मुले पुस्तकात पाठ करीत आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी एखादी रिकामी खोली उघडून, मराठीत, फी न घेता, ज्यांचे विषय राहिले आहेत अशांनाच प्रथम बोलावून शिकविण्यास विद्यापीठाची परवानगी लागत नाही आणि शासननिर्णयही लागत नाही. सत्रान्त परीक्षेला अजून दहा आठवडे आहेत.